तलावाच्या पाळीवरची शांतिसेना

“हे निळ्या टोप्यावाले आमच्या इथी कवा पाठवता?”

सगुणाबाईनं हे विचारलं तेव्हा मी रीळ उलटं गुंडाळत होतो. सिनेमा संपला की फिल्मचं शेवटचं टोक वर आलेलं असतं. पुढच्या गावात दाखवायचं तर सगळी फिल्म उलट फिरवून पहिलं टोक वर आणावं लागतं. त्यात लक्ष चुकलं की फिल्म तुटते आणि मग खात्याकडे खुलासा द्यावा लागतो. म्हणून मी वर न बघताच म्हणालो, “पाठवू.”

सरकारी प्रचार खात्यात हा शब्द आम्ही येता-जाता वापरायचो. मास्तर पाठवू. डॉक्टर पाठवू. विहिरीचं सामान पाठवू. तोवर कोणी तो मनावर घेतला नव्हता. मोहटोल्याच्या सगुणाबाईनं घेतला.

ही गोष्ट सत्तावन्न सालच्या ऑक्टोबरातली. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती. आदल्या वर्षीच आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून काढून मुंबई राज्याला जोडला होता. माणसं जागच्या जागी राहिली, फायली मात्र प्रवासाला निघाल्या. नागपूरच्या फायली मुंबईला गेल्या म्हणत. मुंबईवाले म्हणत, आल्याच नाहीत.

मी प्रचार सहायक होतो. माझ्या ताब्यात एक गाडी, एक जनरेटर, सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर, एक माईक आणि कादरभाई. कादरभाई चांद्याचेच. ड्रायव्हर, ऑपरेटर आणि मेकॅनिक ही तिन्ही पदं त्यांच्याकडे होती, पगार एकाच पदाचा. संध्याकाळी गावात पोचायचं, पडदा बांधायचा आणि सरकार काय काय करतंय ते दाखवायचं, हे आमचं काम.

आमचे साहेब नवे होते, मुंबईकडून आलेले. त्यांनी मला बोलावलं.

“चोवीस ऑक्टोबर हा जागतिक संघटनेचा दिवस. आपल्या जिल्ह्यात साजरा व्हायला हवा.”

“कुठे करायचा, सर?”

“दुर्गम भागात.”

“एटापल्लीकडचे रस्ते अजून चिखलात आहेत, सर.”

साहेबांनी थोडा विचार केला. “मग जरा कमी दुर्गम भागात.”

अशा रीतीनं जागतिक शांततेचं रीळ गोंडपिपरी तालुक्यात गेलं.

सावरटोला आणि मोहटोला ही जुळी गावं, मध्ये एक तलाव. हा तलाव मालगुजारानं बांधलेला. मालगुजार म्हणजे पूर्वी सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणारा आणि गावावर राज्य करणारा माणूस. तो सरळ होता असं कोणी म्हणत नव्हतं. पण तलावाचं पाणी कधी सोडायचं, आधी कोणाला आणि नंतर कोणाला, हे तो ठरवायचा आणि लोक शिव्या देत ऐकायचे. मग कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला. सरकारनं तलाव घेतला. शिव्या खाण्याचं काम घ्यायला मात्र कोणी पुढे आलं नाही.

सावरटोल्याच्या बांध्या तलावाला लागून होत्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला धानाचा तुकडा. मोहटोल्याच्या बांध्या खाली, पाटाच्या शेवटाला. सावरटोला म्हणे, आम्ही जवळ, पहिलं पाणी आमचं. मोहटोला म्हणे, तुम्ही पहिलं घेतलं तर आमच्यापर्यंत ओलही येत नाही, म्हणून पहिलं आमचं. आदल्या वर्षी यावरून काठ्या चालल्या. सगुणाबाईच्या पुतण्याचा, किसनाचा, हात मोडला. तो वाकडाच जुळला. त्या हातानं त्याला नांगर धरता येत नव्हता.

हे मला आधी माहीत असतं तर मी सिनेमा वेगळ्या गावात नेला असता.

दोन्ही गावं एकमेकांच्या हद्दीत बसायला तयार नव्हती. शेवटी कादरभाईंनी तोडगा काढला. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, पडदा आडवा बांधला. एका अंगाला सावरटोला बसला, दुसऱ्या अंगाला मोहटोला. पडदा कापडाचा, त्यामुळे चित्र दोन्हीकडून दिसायचं. फक्त मोहटोल्याला उलटं. त्यांच्या बाजूनं सगळे जवान डाव्या हातानं सलाम करत होते. सिनेमा संपल्यावर खरा सलाम कोणता यावरूनही थोडी बाचाबाची झाली.

रिळातलं बोलणं इंग्रजी होतं. म्हणून मी माईकवरून समजावून सांगत होतो.

“पहिलं महायुद्ध झालं तेव्हा देश दमले. म्हणाले, आता भांडण झालं की आधी बसून बोलायचं. त्यासाठी सगळ्यांनी मिळून एक संघ काढला. पण ज्याला बोलणं पटेना तो रुसून उठून जायचा. असे एकेक उठून गेले आणि दुसरं महायुद्ध झालं. पुन्हा सगळे दमले, पुन्हा संघ काढला. या वेळी मोठे पाच देश रुसू नयेत म्हणून त्यांना आधीच सांगितलं, तुमच्यातल्या एकानंही नाही म्हटलं तर काम थांबेल.”

सावरटोल्याचे तुळशीराम पाटील पुढेच बसले होते. ते म्हणाले, “म्हणजे पाच पाटील. अन् एकानं नाई म्हटलं तं झालं?”

“झालं.”

“मंग तिथी काम होते कवा?”

पडद्यामागून मोहटोल्याचा आवाज आला, “तुमच्या पंचायतीत होते तवा!” दोन्हीकडे हशा पिकला. जागतिक संघटनेनं त्या दोन गावांना एकत्र आणलं ते तेवढंच.

मी पुढे सांगितलं. मागच्या वर्षी मिसर देशातल्या कालव्यावरून लढाई पेटली. हल्ला करणाऱ्यांत त्या पाचांतलेच दोघे होते. ते कशाला हो म्हणतील? मग बाकीच्या देशांनी मोठी सभा भरवून ठराव केला. निरनिराळ्या देशांचे शिपाई गोळा केले, डोक्यावर निळ्या टोप्या दिल्या आणि दोन फौजांच्या मध्ये नेऊन उभे केले. यांना शांतिसेना म्हणतात. आपले भारताचे जवानही त्यात आहेत.

पडद्यावर वाळवंट होतं आणि त्यात निळ्या टोप्या घातलेले जवान उभे होते. टोप्या निळ्या आहेत हे मी सांगत होतो, कारण फिल्म काळीपांढरी होती.

त्यानंतर सगुणाबाईनं तो प्रश्न विचारला आणि मी पाठवू म्हणालो.

सकाळी आम्ही सावरटोल्याच्या शाळेत चहा पीत होतो, तेवढ्यात आरडाओरडा ऐकू आला. पाळीवर दोन्ही गावं काठ्या घेऊन उभी होती. मध्ये तलावाची मोरी. तिच्या तोंडावर लाकडाची फळी बसवलेली असते, ती उचलली की पाणी पाटात उतरतं. सावरटोल्याचे लोक फळी उचलायला आले होते आणि मोहटोल्याचे फळीवर पाय देऊन उभे होते. सगळ्यात पुढे वाकड्या हाताचा किसना.

“साहेब, अपन निकलते हैं,” कादरभाई म्हणाले.

जायचा रस्ता पाळीवरूनच होता. मला दुसरं काही सुचलं नाही. मी कादरभाईंना जनरेटर सुरू करायला लावला, माईक घेतला आणि सवयीनं म्हणालो, “हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग.”

सगळ्यांनी माना वळवल्या. एकानं काठी तशीच उगारलेली ठेवून विचारलं, “पिच्चर लावून राह्यले का?”

तेवढा एक क्षण पुरला. मी दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. धैर्य वगैरे नव्हतं. माईकची वायर तिथपर्यंतच पुरत होती.

“कोणी मोठा अधिकारी येऊन तुमच्यात निकाल देईपर्यंत फळीला कोणी हात लावू नका,” मी म्हणालो.

“अधिकारी कायले?” सगुणाबाई म्हणाली. ती पन्नाशीची, काटक बाई. नवरा गेल्यावर शेती तीच बघत होती. “तुमी निळ्या टोप्यावाले पाठवतो म्हणले. काल म्हणले. साऱ्यायनं ऐकलं.”

“होय, म्हणले,” तुळशीराम पाटलांनीही दुजोरा दिला. त्या दोघांचं एकमत मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते नेमकं माझ्या विरोधात होतं.

मी परत येईपर्यंत फळीला हात लावायचा नाही, एवढं दोन्ही गावांनी कबूल केलं. मी गाडी काढून थेट गोंडपिपरीला तहसीलदारांकडे गेलो.

“पाणी इरिगेशनचं,” तहसीलदार म्हणाले. “तलाव महसूलचा. डोकं फुटलं तर पोलिसांचं. यात तुमचं काय आहे?”

“माझा सिनेमा आहे, साहेब.”

“मग सिनेमा दाखवा.”

“साहेब, माणसं मरतील तिथे.”

त्यांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, नुसता थकलेला होता. “अहो, पाण्याची पाळी ठरवायचा अधिकार मला आहे का हेच मी वर विचारलंय. कागद नागपूरला गेला होता, आता मुंबईला गेला. उत्तर आलं की पाणी सोडतो.”

“तोवर?”

“तोवर शांतता राखा. पण खर्च करू नका.”

इतका स्पष्ट हुकूम मला नोकरीत पुन्हा कधी मिळाला नाही.

परत आलो तर सावरटोल्याच्या चावडीवर आनंदराव बसला होता. हा मूळचा मोहटोल्याचा, पण सावरटोल्याचा जावई. फौजेत लान्स नाईक. सुट्टीवर सासुरवाडीला आला होता आणि खरोखर त्या वाळवंटातून आला होता. त्याच्याकडे निळी टोपी होती. ती घालून तो दोन्ही गावांत फिरायचा आणि आपण शत्रूला कसं रोखून धरलं ते सांगायचा. कादरभाईंनी त्याच्याशी गाडीच्या गोष्टी काढल्या, तेव्हा तो तिथे पाण्याचा टँकर चालवतो हे बाहेर आलं. पण टोपी खरी होती.

मी त्याला तलावाच्या पाळीवर नेलं. पाटलांनी त्याला दोन्ही गावांसमोर विचारलं, “जावई, तिथी तुमी नेमकं काय करता?”

“उभे राहतो.”

“उभे राहून?”

“पाह्यतो.”

“पाहून?”

“लिहून कळवतो.”

“अन् कोणी गोळी चालवली तं?”

“तेबी लिहून कळवतो.”

पाटील म्हणाले, “एवढ्यासाठी सरकारनं समुद्रापार पाठवलं तुमाले?”

आनंदरावाला ते लागलं. तो म्हणाला, “मामाजी, आमी उभे राह्यलो तवापासून तिथी लढाई नाई झाली. तुमचं तुमी पाहा.”

सगुणाबाईनं विचारलं, “मंग इथी कशी उभी कराची ते सांग.”

मग त्यानं अटी सांगितल्या. दोन्ही बाजूंनी बोलावलं तरच सेना येते. एकानं जा म्हटलं की जाते. सेना कोणाला मारत नाही, फार तर स्वतःला वाचवते. मधल्या पट्ट्यात कोणी यायचं नाही. आणि सेनेतला माणूस दोघांपैकी कोणाचाच नको.

“हाकलताही येते म्हणजे,” पाटील म्हणाले. “मंग बरं आहे.” सगुणाबाईनंही मान हलवली.

तलावाच्या पाण्यावर शेती नसलेले लोक तेवढे पलीकडच्या कुंभारटोलीचेच होते. त्यांतले सात-आठ गडी तयार झाले. भट्टीचा हंगाम अजून लागला नव्हता आणि दोन्ही गावं जेवण देणार होती. निळ्या टोप्या कुठून आणायच्या? सगुणाबाईनं कपड्याला घालायची नीळ आणली आणि गड्यांचे दुपट्टे त्यात बुडवले. आनंदराव म्हणाला, त्यांच्याकडेही सुरुवातीला टोप्या घाईघाईत रंगवल्या होत्या म्हणे. दुपट्टे डोक्याला बांधून सेना पाळीवर उभी राहिली. आनंदराव दोन्ही गावांचा, म्हणून हुकूम त्याचा. मोरीच्या दोन्ही अंगांना चुन्याची रेघ मारली. दुपारी ऊन चढलं, घाम सुटला आणि नीळ ओघळून सगळ्यांची तोंडं निळी झाली.

“साहेब, ये तो रामलीला की पार्टी हो गयी,” कादरभाई म्हणाले.

पण मारामारी झाली नाही. आजूबाजूच्या गावांत माझे शो होते. येता-जाता मी पाळीवरून जायचो. रेघेच्या अलीकडे एक गाव बसलेलं, पलीकडे दुसरं, मध्ये निळी तोंडं. काठ्या होत्या, पण टेकायला. मला स्वतःचा अभिमान वाटू लागला. मी साहेबांना तार केली की कार्यक्रमाचा फार चांगला परिणाम झाला असून दोन गावांत संपूर्ण शांतता आहे. उत्तर आलं, अभिनंदन, प्रेक्षकसंख्या कळवा.

सेनेचं बरं चाललं होतं. पहिल्या दिवशी सावरटोल्यानं भात आणि वरण दिलं. मोहटोल्यानं झिंग्यांची चटणी केली. सावरटोल्याला कळलं, त्यांनी कोंबडं कापलं. सेना आपल्या बाजूला झुकावी म्हणून दोन्ही गावं चढाओढीनं वाढू लागली. कुंभार कोणाच्याच बाजूला झुकले नाहीत. दोन्हीकडचं जेवून झाडाखाली आडवे व्हायचे. त्यांतला एक मला म्हणाला, “साहेब, हे असंच होळीपर्यंत चालू द्या न.”

मग एके सकाळी सगुणाबाईनं माझी गाडी अडवली. तिच्या हातात धानाची लोंबी होती.

“दाब,” ती म्हणाली.

“काय?”

“दाणा दाब नखानं.”

मी दाबला. धान भरायच्या वेळेला दाणा दाबला की आतून पांढरं दूध येतं, तेच पुढे तांदूळ होतं. या दाण्यातून काहीच आलं नाही. नुसतं टरफल.

“चार दिस अजून पाणी नाई भेटलं तं सारं असंच. माह्यंच नाई, त्यायचंबी.” ती तलावाकडे हात करून म्हणाली, “पाणी भरून हाय. फळी बंद हाय. कोणी कोणाले मारून नाई राह्यलं. लय शांतता हाय साहेब. पण पोरायले काय खाऊ घालू मी, शांतता?”

आम्ही सगळे मारामारी थांबवण्यात इतके रमलो होतो की ती कशासाठी चालली होती ते कोणी बघतच नव्हतं. फळी बंद राहणं हीच आमची शांतता होती. आणि फळी बंद राहिली तर दोन्ही गावं उपाशी राहणार होती.

ती माझ्याशी बोलून थांबली नाही. तशीच पाळीवर गेली, चुन्याच्या रेघेपाशी क्षणभर थांबली आणि रेघ ओलांडून मोरीवर जाऊन उभी राहिली. दोन्ही गावं उठून उभी राहिली. काठ्या वर आल्या. मी आणि कादरभाई धावत तिथे पोचलो.

आनंदराव तिच्यासमोर आला. “बाई, रेघेच्या मागं व्हा.”

“नाई होत. काय करशीन?”

“लिहून कळवीन.”

“कोणाले?”

आनंदरावानं माझ्याकडे पाहिलं. मी कादरभाईंकडे पाहिलं. कादरभाईंनी आभाळाकडे पाहिलं.

सगुणाबाईनं त्याला सोडलं आणि पाटलांकडे वळली. “तुळशीराम भाऊ! तुमाले पह्यलं पाणी पाह्यजे न? घ्या पह्यलं.”

मोहटोल्याच्या बाजूला एकदम गलका झाला. किसना ओरडला, “काकू, हे काय बोलून राह्यली तू? ह्याच्यासाठी माह्या हात गेला!”

“तुह्या हात गेला म्हणूनच बोलून राह्यली,” ती म्हणाली. “वर्षभर पाहून राह्यली मी तुले डाव्या हातानं जेवतानी. दुसरा हात घालवाचा आहे का? मले पह्यलं नाई पाह्यजे. मले माह्या बांधीत पाणी पाह्यजे. पह्यलं या, मागून या, पण या.” मग पुन्हा पाटलांना, “पण एक सांगतो भाऊ. तुमच्या बांध्या भरल्या की पाटाची तोंडं बुजवाची. अन् त्या तोंडावर हे निळेवाले उभे राह्यतीन. इथी पाळीवर नाई.”

पाट म्हणजे तलावातून शेतांकडे जाणारा कालवा. प्रत्येक बांधीपाशी त्याची कड फोडून पाणी आत घेतात, ते तोंड. सावरटोल्याची तोंडं उघडी राहिली की खाली थेंब जात नाही. खरं भांडण तिथे होतं. आम्ही सेना उभी केली होती मोरीवर, कारण पडद्यावर ती दोघांच्या मधोमध उभी होती आणि पाळीवर सावलीही होती.

सगळ्यात आधी विरोध केला तो सेनेनं.

“आमचा हुकूम पाळीवर उभं राहाचा आहे,” आनंदराव म्हणाला. “पाटात उतराचा नाई.”

“तं उभाच राय न बाप्पा,” सगुणाबाई म्हणाली. “फक्त चिखलात उभा राय.”

सावरटोल्याच्या बाजूला कोणीतरी हसलं. मग मोहटोल्यातही. किसना मात्र हसला नाही. तो मान खाली घालून उभा होता.

तुळशीराम पाटलांनी मूठ उघडली. त्यांच्याही मुठीत लोंबी होती, दाबून दाबून पार चुरगळलेली. “माह्याही धानात दूध नाई राह्यलं,” ते हळू आवाजात म्हणाले. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, “पह्यलं पाणी सावरटोल्याचं, हे मोहटोल्यानं कबूल केलं. साऱ्यायनं ऐकलं न?”

“ऐकलं,” सगुणाबाई म्हणाली. “अन् तोंडं बुजवाची कबूल केली, तेबी ऐकलं न?”

“अन् यायचं जेवण?” पाटलांनी निळ्या दुपट्ट्यांकडे बोट दाखवलं.

“दोघं मिळून. पण भात अन् चटणी. कोंबडं बंद.”

सेनेचे चेहरे पडले. पण एकानं जा म्हटलं की जायचं, ही अट त्यांचीच होती. इथे तर दोघंही पाळीवरून जा म्हणत होते.

पाटलांनी स्वतःच्या हातानं फळी उचलली. पाणी मोरीतून धो धो खाली उतरलं. आधी दोन्ही गावं नुसती बघत राहिली. मग सावरटोल्याचे लोक फावडी आणायला पळाले आणि पाळ रिकामी झाली.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. सावरटोल्याच्या बांध्या भरल्यावरही तिथल्या एकानं गुपचूप तोंड फोडलं. त्या तोंडावरच्या कुंभाराला कोणाला मारायची परवानगी नव्हती. म्हणून तो तोंडात पाठ टेकवून बसून राहिला आणि ओरडत राहिला. फोडणाऱ्यानं त्याला ओढलं, दोघंही पाटात पडले. गाव गोळा झालं. तो ओला, चिखलानं माखलेला निळा माणूस बघून फोडणाऱ्यालाच लाज वाटली. त्यानं तोंड स्वतः बुजवलं. दुपट्ट्याची नीळ वाहत खाली गेली. मोहटोल्याचे लोक म्हणाले, सावरटोल्यानं पाणी दिलं खरं, पण नीळ घालून दिलं.

आनंदरावाची सुट्टी संपली, तो गेला. जाताना टोपी घेऊन गेला, फौजेची होती. त्याच्यावाचून कुंभारांनी पाणी संपेपर्यंत काम केलं.

सावरटोल्याचं धान चांगलं भरलं. मोहटोल्याचं वरच्या बांध्यांत बरं, खाली हलकं. सगुणाबाईची बांधी सगळ्यात शेवटची. तिच्या अर्ध्या शेतात तणीसच, म्हणजे नुसता पेंढा, निघाली. मळणीच्या दिवसांत मी तिकडून गेलो तेव्हा ती म्हणाली, “अर्धं गेलं.” मग किसनाकडे बघून म्हणाली, “पण यंदा कोणाचा हात नाई मोडला.” ती समाधानी होती असं मी म्हणणार नाही. तिनं हिशेब केला होता आणि तो तिला मान्य होता, इतकंच.

चांद्याला साहेबांनी मला बोलावलं. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.

“तुम्ही सरकारी मंजुरीशिवाय फौज उभी केलीत?”

“फौज नाही, सर. प्रेक्षक होते. कार्यक्रम आवडला म्हणून थांबले.”

“आणि डोक्याला निळं काय होतं?”

“प्रसिद्धी, सर.”

साहेबांनी रिपोर्टवर सही केली. पाण्याच्या पाळीचं उत्तर मुंबईहून आलं ते माझी बदली झाल्यानंतर. ते असं होतं की स्थानिक प्रथेप्रमाणे करावं. तोवर ती प्रथा पडलेली होती. भांडणं दर वर्षी होत, पण पाटाच्या तोंडावर आणि तोंडानंच.

त्या वाळवंटातल्या खऱ्या सेनेचं पुढे काय झालं ते मी पेपरात वाचलं. दहा वर्षं ती उभी राहिली. मग यजमान देशानं जा म्हटलं, ती निघाली आणि लगेच लढाई झाली. लोक म्हणाले, बघा, शांतिसेना काही कामाची नाही. मला तसं वाटत नाही. दहा वर्षं हात मोडले नाहीत, हे काही कमी नव्हे. पण त्या दहा वर्षांत पाटात कोणी उतरलं नाही. सगळे पाळीवर उभे होते आणि बाकीचं जग त्यांना बघून खूश होतं.

मला पुढच्या वर्षी नवं रीळ मिळालं, गावोगाव वीज. सावरटोला आणि मोहटोला सोडून तालुक्यातल्या सगळ्या गावांत मी ते दाखवलं. ती दोन गावं का राहिली, असं साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, “सर, तिथले लोक सिनेमा लक्ष देऊन बघतात.”